डबल बेल

आमच्या गल्लीत एक बाई राहते, तिला सगळे कंडक्टरबाई म्हणतात. बसची नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून ड्युटीवरच आहे. तिनं खालून हाक मारली की वरच्या मजल्यावर माझी भांडी दचकतात.

नोकरी संपल्यावर तिला घरी बसवेना. त्याच सुमारास दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गल्लीतल्या बायकांना एक काम शिकवत होत्या. ज्या घरात लहान मूल उशिरा बसतंय, उशिरा चालतंय, बोलत नाही, तिथं दर आठवड्याला जायचं आणि घरच्यांना त्या मुलाशी कसं खेळायचं ते दाखवायचं. ही लगेच तयार झाली. म्हणाली, "जन्मभर लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' करत आले. आता पोरांना सरकवते."

आमच्या घरी ती आली ती माझ्या नातीसाठी. नातीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण भिंत धरून मुंगीच्याच चालीनं चालायची. तीन वर्षांची होत आली तरी तोंडातून शब्द नव्हता. वाढ जरा मागे आहे, पण आत्ताच हात दिला तर पुढे यायला मदत होते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

पहिल्या दिवशी कंडक्टरबाई रिकाम्या हातानं आली. आमचे हे खेळणी बघायला मान उंचावून बसले होते.

"पिशवी विसरलात वाटतं?"

"घरात डबे आहेत ना, आजोबा? चमचे आहेत? मग झालं."

आणि ती नुसती बसून बघत राहिली. मुंगीनं तांब्याकडे बघितलं, सूनबाईनं पाणी पाजलं. चेंडूकडे बघितलं, ह्यांनी गुडघ्याचं दुखणं विसरून चेंडू आणला. डोळे चोळले, तर मी उशी घेऊन हजर.

"ही पोर आहे का महाराणी?" कंडक्टरबाई म्हणाली. "ती मागे पडली ती तुमच्यामुळे नाही हो, ते डॉक्टरांनी सांगितलंय. पण तिला पुढे यायचं तर दारात गर्दी करू नका. हात मांडीखाली घ्या सगळ्यांनी. तिला मागू द्या, मग द्या."

आम्ही तिघं हातांवर बसलो. बघणाऱ्याला वाटावं, शाळेत शिक्षाच झाली आहे.

मग तिनं खुर्च्या एकामागे एक लावल्या आणि बस केली. ह्यांना ड्रायव्हर केलं, मुंगीला मागे बसवलं, हातात चमचा आणि डबा दिला. दोनदा वाजवलं की बस निघायची, एकदा वाजवलं की थांबायची. मुंगीनं टक टक केलं की हे घुर्रर्र करून डुलायचे, टक केलं की गप्प. चाळीस वर्षांच्या संसारात हे कुणाच्या सांगण्यावरून गप्प बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

पण सूनबाईच्या जिवाला घोर होता तो बालवाडीचा. बालवाडी गल्लीच्या टोकाला. रोज सकाळी सगळी पोरं कलकलाट करत खिडकीखालून जायची आणि मुंगी गजांना नाक लावून बघत राहायची. ते सूनबाईला बघवत नसे. एकदा ती धीर करून बालवाडीच्या बाईंना भेटून आली.

"घेईन की," बाई म्हणाल्या होत्या. "बोललीच पाहिजे असं नाही. पण तहान लागली, बाहेर जायचं असलं, तर कसं का होईना, मला कळलं पाहिजे. एवढ्या पोरांत मी मनातलं ओळखत बसू शकत नाही हो. आता सुट्टी लागेल, ती संपली की आणा, बघू."

हे ऐकून कंडक्टरबाईनं आमच्या घरातला नियम गल्लीला लावला. रस्त्यात उभं राहून पुकारा केला, "मुंगीला मागितल्याशिवाय कुणी काही द्यायचं नाही!"

गल्लीनं तो असा पाळला की विचारू नका. बेकरीवाला बिस्कीट हवेत धरून "बोल, बिस्कीट, बिस्कीट" करायचा. इस्त्रीवाला पूर्वी तिला धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसवायचा, तो आता हाताची घडी घालून उभा. सगळे तिच्या तोंडाकडे डोळे लावून, आणि तिचं तोंड बंद. मुंगी चिडायची, आपटाआपटी करायची, रडून लाल व्हायची. घरात डबा इतका बडवायची की ह्यांनी शेवटी त्याला जुना टॉवेल गुंडाळला.

"आई, आपण पोरीला छळतोय का हो?" सूनबाईनं मला विचारलं. सुट्टी संपत आली होती.

एका संध्याकाळी इस्त्रीवाल्यानं कंडक्टरबाईला अडवलं. मुंगीला घेऊन आम्ही होतोच तिथं.

"बाई, ही तुमची पॅसेंजर माझं टेबल फोडणार. रोज येते, टेबल वाजवते आणि माझ्याकडे बघते. मी आपला तुमचा नियम पाळून गप्प."

"कसं वाजवते?"

"टक टक. मग कपड्यांकडे बघते. परत टक टक."

"दोनदा?"

"दोनदाच."

कंडक्टरबाई जागच्या जागी थांबली. तो मोठा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता.

"अगं बाई! जन्म गेला माझा बेल मारण्यात, आणि ही पोर मला बेल मारतेय ते मला कळू नये? डबल बेल आहे ती! चला म्हणतेय, उचला म्हणतेय. आणि मी बसलेय शब्दाची वाट बघत!"

"मग सोडू का गाडी?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"सोडा!"

त्यानं मुंगीला उचलून ढिगावर बसवलं. ती अशी खिदळली की कुणाच्या तरी कडक इस्त्रीच्या शर्टाचा बोळा झाला, पण कुणी काही म्हणालं नाही. सूनबाई हसत होती आणि डोळेही पुसत होती. ह्यांनी घरी जाऊन मुकाट्यानं डब्याचा टॉवेल सोडला.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खूण करणं हेसुद्धा बोलणंच आहे. त्या खुणेला लगेच उत्तर द्या. शब्दांचं काम चालू ठेवू, ते त्यांच्या वेळेनं."

सुट्टी संपली. सूनबाई, कंडक्टरबाई आणि मी, आम्ही तिघी मुंगीला घेऊन बालवाडीत गेलो. आत एवढा गोंगाट की माझ्याच कानठळ्या बसल्या. मुंगी भिंत धरत धरत टेबलाशी गेली आणि त्यावरच्या पाण्यानं भरलेल्या जगाकडे बघत उभी राहिली. माझा हात निघालाच.

"आजी, हात," कंडक्टरबाई दातातल्या दातात म्हणाली. मी हात पाठीमागे धरले. सूनबाईनं श्वाससुद्धा रोखून धरला होता.

बालवाडीच्या बाई पाठमोऱ्या, कुणाचं तरी नाक पुसत होत्या. मुंगीनं टेबलावर वाजवलं. टक टक. त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार? तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. मूठ वळली आणि पुन्हा वाजवलं, असं की जग हललं.

बाई वळल्या. मुंगीकडे बघितलं, जगाकडे बघितलं. "पाणी हवंय होय गं? थांब हं, देते."

पाणी देऊन त्या सूनबाईला म्हणाल्या, "मला कळलं की. उद्यापासून पाठवा."

मुंगीच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. मला राहवलं नाही. रुमाल काढून मी पुढे झाले. तिनं पेला खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि टेबलावर वाजवलं. एकदाच. टक.

मी रुमाल घेऊन तशीच उभी.

कंडक्टरबाई अशी हसली की सगळी बालवाडी वळून बघायला लागली. माझा दंड धरून म्हणाली, "सिंगल बेल, आजी. तुमचा स्टॉप आला. उतरा आता!"