पुनवेचा नारळ

परशुरामला कशाचाही संशय येई. त्याची बायको तुळसा हिने चहात चिमूटभर साखर जास्त घातली, तरी हा विचारायचा, "आज काय काम काढलंस?" मालवणच्या बंदरावर आगबोटीच्या तिकिटांची एक एजन्सी होती, तिथे तो कारकून. मालक होते दाजी. दाजी त्याला "परश्या रे" अशी हाक मारत आणि परशुराम त्या हाकेचाही वास घेत असे. माणूस उगाच कशाला गोड बोलेल?

पावसाळ्यात बोटी बंद असत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ सोडला की नवा मोसम सुरू, आणि मोसमात कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, ते दाजी त्याआधीच ठरवीत. आदल्या साली गणपत हमालाला ऐन पुनवेच्या तोंडावर नारळ मिळाला होता. बिचारा घरी बसला तो बसलाच. तेव्हापासून परशुरामची झोप उडाली होती. पन्नाशीला टेकलेल्या कारकुनाला दुसरीकडे कोण उभं करणार?

त्याच श्रावणात तुळसाचा भाऊ शंकर रजेवर आला. तो बोटीवर खलाशी. येताना त्याने सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणला होता. घरातल्या सगळ्यांना त्या यंत्रात गाणी म्हणायची होती. परशुरामच्या डोक्यात मात्र वेगळंच शिजत होतं. एक दिवस त्याने यंत्र पिशवीत घातलं, वर छत्री आडवी टाकली आणि पिशवी दाजींच्या टेबलाखाली सरकवली. दाजींचा जुना दोस्त बाबली गप्पा मारायला येताना दिसला, तसं याने बटण दाबलं. "पोस्टात जावन येतंय," म्हणत तो बाहेर पडला.

संध्याकाळी पिशवी घरी आणून माजघरात त्याने फीत लावली. आधी नुसती समुद्राची गाज, खुर्चीची करकर. मग दाजींचा आवाज, अगदी स्पष्ट:

"औंदा परश्याक नारळ देवया."

"तेका सांगलंस?" बाबलीने विचारलं.

"नाय. आदल्या दिसाक सांगतलंय. आधी सांगलंय तर घोळ घालतलो."

परशुरामने खटकन यंत्र बंद केलं.

"फुडला आयका तरी," तुळसा म्हणाली.

"आणि काय आयकूचा? घर बुडाला माझा!"

पुनवेच्या आदल्या दिवशी दाजी काही सांगायला तोंड उघडणार, तोच परशुरामने यंत्र त्यांच्या टेबलावर आदळलं. बाबली समोरच होता. "दाजी, तुमच्या तोंडचा तुमीच आयका," असं म्हणून त्याने फीत सुरू केली. नारळाचं वाक्य आलं, घोळाचं आलं. परशुराम विजयी मुद्रेने दाजींकडे बघत राहिला. यंत्र बंद करायचं भान त्याला राहिलं नाही आणि फीत पुढे चालू राहिली.

"माझे हात आता कापतत रे बाबल्या. औंदा ऑफिसचो नारळ परश्याच्याच हातान दर्यात पडूंदे. माका झील नाय. तोच माझो झील."

बाबलीने तोंड खिडकीकडे फिरवलं. दाजी त्याला मुलगा मानत होते! परशुरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजी चष्मा पुसू लागले. मग तिकीट मागायला आलेल्या परक्या माणसाशी बोलावं तसं शुद्ध मराठीत म्हणाले, "परशुराम, उद्या वेळेवर बंदरावर या. नारळ तुम्हीच सोडायचा आहे."

नोकरी गेली नाही. पुढेही कधी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी बंदरावर माणसांची ही गर्दी. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ हातात घेऊन परशुराम गुडघाभर पाण्यात उभा राहिला. दाजी मागेच होते. "परश्या, सोड रे," एवढं एकदा कानावर पडावं म्हणून तो थांबला. लाट आली, गेली. लोक ओरडू लागले, तरी तो थांबलाच.

"सोडा," दाजी म्हणाले.