मावशीचा दोर

मानेसरजवळच्या आमच्या अकादमीच्या गेटातून आत गेलात की समोर ब्राँझचा घोडा दिसतो. मान ताठ, पुढचा एक पाय उचललेला, आयाळ उडते आहे. चौथऱ्यावर ‘मस्कॉट’ असं कोरलंय. तुम्ही सिव्हिलियन लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढता. काढा बापडे. फक्त एवढं ऐकून घ्या, की आमचा मस्कॉट घोडा कधीच नव्हता. खेचर होतं, मादी. नाव मावशी.

मी तेव्हा नायक होतो. पोस्टिंग उत्तरेतल्या एका उंच चौकीवर. रस्ता नाही. हवा चांगली असेल तर हेलिकॉप्टर, आणि हवा चांगली नसायचीच. रेशन, रॉकेल, दारूगोळा, सगळं खेचरांच्या पाठीवर वर यायचं. खेचर नेणाऱ्या जवानाला फौजेत ड्रायव्हर म्हणतात. हसू नका, गाडीच्या ड्रायव्हरला इंजिन लाथ मारत नाही.

आमचा ड्रायव्हर लान्स नायक दगडू खरात, फलटणकडचा. सरकारी खेचराला नाव नसतं, खुरावर डागलेला नंबर असतो. खरातने हिचं नाव मावशी ठेवलं. मी विचारलं, आई का नाही? तर म्हणाला, "ही लाड करत नाही, नायक. पण उपाशी ठेवत नाही." पुढे यूपीचे जवानसुद्धा तिला मौसी म्हणायला लागले.

खेचरवाल्यांचा पहिला नियम असा, की दोर हातात धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. एकाचा तोल गेला तर दोघं जातात. हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि रोज ओरडून सांगतात.

त्या हिवाळ्यात माझ्या छातीत पाणी भरायला लागलं. उंचीवर होतं तसं. उपाय दोनच, खाली नेणं किंवा ऑक्सिजन. वादळामुळे खाली नेता येईना आणि चौकीवरचा सिलिंडर संपत आला होता. आमच्या हवालदाराने रेडिओवर बेसला कळवलं. मी स्लीपिंग बॅगमध्ये पडून ऐकत होतो.

"सिलिंडर चाहिए. आज. ओव्हर."

"मौसम देखा है? ओव्हर."

"देखा है. नहीं आया तो आदमी जाएगा. ओव्हर."

बराच वेळ खरखर. मग उत्तर आलं, "एक ड्रायव्हर, एक म्यूल निकल गया. ओव्हर अँड आउट."

दुपारी पहाऱ्यावरच्या संत्रीने हाक दिली. मावशी आली होती. एकटी. पाठीवर सिलिंडर नीट बांधलेला, कानांवर बर्फ. गळ्यातला दोर अर्धाच होता. तुटलेल्या दोराचे धागे विस्कटतात. हे टोक साफ होतं. कापलेलं.

त्या सिलिंडरवर मी जगलो.

बर्फ उतरल्यावर खरात नाल्यात सापडला. दोराचा उरलेला तुकडा मनगटाला तसाच गुंडाळलेला, दुसऱ्या हाताजवळ उघडा चाकू. वादळात पुढचं दिसेना म्हणून त्याने नियम मोडला असणार. पाय त्याचा घसरला. कदाचित मावशीने त्याला तोलून धरलंही असतं. कदाचित ती सिलिंडरसकट खाली आली असती. त्याने ते बघत बसायचं नाही असं ठरवलं.

मावशी म्हातारी झाल्यावर तिला आमच्या अकादमीत आणलं. मीही तिथेच सुभेदार होऊन जनावरांचा विभाग बघायला आलो. परेडला ती पुढे चालायची आणि कॅडेट्स तिला सॅल्यूट ठोकायचे. ती गेल्यावर पुतळा करायचं ठरलं, इथवर सगळं ठीक होतं.

पण तेव्हा गुडगावच्या बाजूला सरसोंच्या शेतांचे सेक्टर होत होते आणि पैसा कुठे ठेवू, कुठे नको, असं लोकांना झालं होतं. पुतळ्याचा खर्च एका बिल्डरने उचलला. माणसाच्या अंगावर सफारी सूट, गाडीत एसी, आणि आयुष्यात स्वतःची बॅगसुद्धा स्वतः उचललेली नसावी. मीटिंगमध्ये तो म्हणाला, "सूबेदार साहब, गधे की औलाद का पुतला? मेहमान क्या कहेंगे? स्टॅलियन बनवाते हैं."

कमांडंटसाहेब हसले. बाकीचे ऑफिसर मग हसलेच. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात. मला तर गाढवाचीच कीव आली, उगाच बदनाम. बाप गाढव होता हे खेचर निदान लपवत नाही.

मी कमांडंटसाहेबांना म्हटलं, "सर, कान लांब हवेत. गळ्यात कापलेला दोर हवा. आणि खाली खरातचं नाव."

"नाम डालने लगे तो लिस्ट बहुत लंबी हो जाएगी, साब."

"एकच नाव आहे, सर."

"देखते हैं."

दिल्लीकडे ‘देखते हैं’ म्हणाले की विषय संपला समजायचं.

अनावरणाला खरातची बायको आली. सुमनवहिनींना मीच बोलावलं होतं. नाव तरी येईल अशी वेडी आशा मला होती. स्टेशनवरून जीपने आणताना त्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. बिल्डर शौर्यावर बोलला, बराच वेळ बोलला. मग कापड खाली आलं. घोडा. आणि खाली पितळी अक्षरांत बिल्डरचं नाव, आडनावासकट, हाताच्या पंजाएवढं.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, ह्यो तर घोडा हाय."

"होय, वहिनी."

"आन् ह्यांचं नाव?"

"नाही."

कमांडंटसाहेब जवळ आले. "माताजी, कैसा लगा?"

त्यांनी पदर सावरला. "घोडा अच्छा है," म्हणाल्या.

परतताना जीपमध्ये त्यांनी पिशवी उघडली. आत तो दोराचा तुकडा होता, मनगटावरचा. सामानाबरोबर घरी पाठवला होता तो. "मावशीच्या गळ्यात बांधीन म्हनलं व्हतं," त्या म्हणाल्या. "घोड्याला काय करायचाय? नेते माघारी." मी तोंड फिरवून बाहेर बघत राहिलो. बाहेर कारखान्याची बस कामगार उतरवत होती.

पुढे रिटायर होईपर्यंत प्रत्येक नव्या बॅचचा पहिला तास मी त्या घोड्यापाशी घेतला. मुलांना घोड्याकडे पाठ करून उभं करायचो.

"दोर हाथ पे लपेटना नहीं. एक ने लपेटा था. लान्स नायक दगडू खरात. नाम बोलो."

सगळे मिळून नाव घ्यायचे, कमांडंटच्या ऑफिसात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मग दर बॅचला कुणीतरी विचारायचाच, "साब, फिर काटा क्यों? पकडे रहता तो शायद बच जाता."

"शायद," मी म्हणायचो. "लेकिन ऊपर मैं था."