आवाज आला की निघते

"फेकतो किती रं फकिरा! तुझी रिक्षा दारात आली आन् आतल्या मानसाला कळली नाय? मला येडी समजायलास का?"

"मावशे, आईची शपथ घेतो. मी दारात हुतो. द्वारकाकाकू आत बसून माझी वाट बघायली, मी भाईर बसून तिची वाट बघायलो."

"तुझी रिक्षा वेशीत आली की करमाडातली मेलेली मानसं कूस बदलत्यात. मी काय बसले नाय का तिच्यात? तिला म्हनावं, नाय यायचं हुतं तर नाय. आता वरून लबाडी कशाला?"

"मावशे, ती रिक्षा गेली. आता बॅटरीची आनली. तिला आवाजच नाय."

"बिगर आवाजाची रिक्षा!" कडूबाई तिकडून खोखो हसली. हसणं मधेच तुटलं. "ठिव फोन. आन् परत करू नको."

फकिरानं मोबाइल बंडीच्या खिशात घातला. नवी रिक्षा भिंतीला लागून उभी होती, चार्जिंगची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेलेली. खिडकीतून त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, तोंड बाहेर काढलं.

"केला का परत फोन? आवो, त्या सख्ख्या भैनी. त्यांचं त्या बघतील. तुमचं काय अडलंय?"

अडलं होतं ते फकिराचंच. पण ते बायकोला सांगून उपयोग नव्हता.

करमाड ते सिडको, जालना रोडनं, फकिराची अर्धी हयात गेली. दाढी काळी होती तवापासून तो शीट भरतो. त्याची जुनी डिझेलची ॲपे म्हणजे गावाची एक खोड होती. सकाळी किक बसली की गल्लीतली भांडी मांडणीवर थरथरायची. म्हशी पान्हा चोरायच्या, शाळेचे काकासाहेब गुरुजी कानावर उपरणं गुंडाळून देवपूजा करायचे आणि मधूनच शिव्या द्यायचे, म्हणजे पूजा आणि शिव्या दोन्ही एकाच दमात. पण त्याच आवाजावर बायका डबे भरायच्या. "फकिरा वेशीत आला, उरक," एवढं म्हटलं की घरातला माणूस चप्पल शोधायला लागायचा. म्हणून फकिरानं कधी कुणाच्या दारात हाक मारली नाही, हॉर्न दिला नाही. हॉर्न त्या रिक्षाचा कधीचा मेलेला होता. दुरुस्त करावा असं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सगळ्यात मोठा बोभाटा द्वारकाबाईचा. भावकीतली चुलती, सत्तरीची, विधवा, तोंडानं फाटकी. गावच्या पारापासून तिच्या पत्र्याच्या गेटापर्यंत रिक्षा यायची तोवर तिचं बोलून व्हायचं.

"मुडद्या, मसनात घाल ती डबडी! माझं डोकं उठलं."

"काकू, डोकं उठलं तर उठू दे, तू ऊठ. गाडी भरली."

आणि हीच द्वारकाबाई दुसऱ्या कुणाच्या रिक्षात बसायची नाही.

तिची धाकटी बहीण कडूबाई मुकुंदवाडीला, लेकापाशी. पोरगा वाळूजला कंपनीत. दोघी बहिणींचं बोलणं त्या पोराच्या लग्नापासून बंद. कारण काय, तर लुगडं. लग्नात कडूबाईनं थोरल्या बहिणीला आहेराचं लुगडं दिलं. द्वारकाबाईनं घडी मोडली आणि तिला ओळख पटली. काठाला हळदीचा डाग. ते लुगडं तिनंच कधी काळी एका वास्तुशांतीला कुणाला तरी दिलेलं. हातोहात फिरत फिरत, कडूबाईच्या पेटीत येऊन, ते तिच्याच मांडीवर परत आलं. कडूबाईला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण द्वारकाबाई भरल्या पंगतीतून उठली. "माझं मलाच आहेर करती!" म्हणत निघाली ती थेट फकिराच्या रिक्षात. त्या दिवशी तिनं रिक्षाच्या आवाजाला नाव ठेवलं नाही, कारण सगळ्या रस्त्यानं ती रडत होती आणि रडणं त्या आवाजात झाकून गेलं.

मग औंदा कडूबाईच्या लेकाला पुण्याकडं चाकणला काम लागलं. बिऱ्हाड हलायचं ठरलं. जायच्या आधी कडूबाईनं फकिरापाशीच निरोप दिला, मुकुंदवाडीच्या थांब्यावर गाठून. "तिला म्हनावं, उद्या सकाळी टेंपो निघायचाय. त्याच्या आत येऊन तोंड दाखवून जा. मी काय परत येत नाय इकडं."

फकिरानं निरोप पोचवला तव्हा द्वारकाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती. ऐकून तिनं हातातली शेंग पुरी सोलली. मग म्हणाली, "घेऊन चल मला सकाळी. पर दारात हाका मारीत बसू नको. गल्लीला कळंल म्हातारी नमतं घ्यायला निघाली म्हनून. तुझा आवाज आला की निघते मी."

"आवाज आला की निघ," फकिरा म्हणाला.

त्याच सांजेला त्याचा लेक शिवम बॅटरीची रिक्षा घेऊन दारात आला. जुन्या ॲपेचं वय भरलं होतं, ती रस्त्यावर काढायची मुभा संपली होती. वच्छलाबाईनं नवीला हळद-कुंकू लावलं. फकिरा एक चक्कर मारून आला आणि पोरासारखा हसत राहिला. ना धूर, ना हादरा. म्हातारी सकाळी बघंल तर तोंडात बोट घालंल, एवढंच त्याच्या मनात. सांगायचं नाही, दाखवायचं.

सकाळी तो द्वारकाबाईच्या गेटासमोर जाऊन उभा राहिला. मागं शीट भरलेली. गेट बंद. फकिरा बसला. हॉर्न चांगला वाजणारा होता, हाताखाली होता. पण हाक मारू नको म्हणाली होती. खाली उतरून गेट वाजवलं तर समोरच्या घरातलं डोकं लगेच बाहेर येणार. त्यानं वाट बघितली.

मागं मोईन बसलेला. औरंगपुऱ्यात एका टेलरकडं शिलाईला जायचा. तो चुळबुळायला लागला. "मामू, चलो ना. दुकान खुल गया होगा. सेठ मेरेकूच सिल देगा."

"थांब रं. म्हातारी यायचीय."

"आना रहता तो आ जाती ना."

ते फकिराला पटलं, हेच त्याला पुढं खात राहिलं. त्याला वाटलं, म्हातारीचा पाय घरातच अडला. लुगडं आठवलं असंल. म्हातारी हटली नाही म्हणून त्याला आतून थोडं बरंही वाटलं. त्यानं हँडल वळवलं आणि गाडी तशीच, पाण्यावरून गेल्यागत, निघून गेली.

दुपारी परत आला तर द्वारकाबाई गेटात उभी. अंगावर ठेवणीतलं पातळ, काखेत शेंगांची पिशवी.

"का रं, आज गाडी काढली नायस?"

"आलो हुतो की काकू!"

"कव्हा?"

"सकाळी. किती येळ उभा हुतो हितं."

तिनं त्याच्या तोंडाचा वास घेतल्यासारखं केलं. "पिलास का रं?"

"नाय, काकू. आता हीच की नवी गाडी."

तिनं रिक्षाकडं बघितलं. जवळ आली. पत्र्याला हात लावला. "चालू कर."

"चालूच हाय, काकू."

द्वारकाबाईनं हात तसाच ठेवला. मग काढला. पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावर बसली. टेंपो तव्हा नगरच्या पुढं गेला असणार.

तेव्हापासून फकिरा फोन करतोय. एकदा मोईनलाही फोनवर घातलं. "खाला, सच्ची बोल रहा मैं, गाडी आवाजच नाय करती." कडूबाई म्हणाली, "ह्याला पन पढवलं व्हय?" इतकी वर्षं फकिराची रिक्षा साऱ्या शिवाराला ऐकू गेली, म्हणून आता त्याचं खरं कुणाच्या कानात शिरत नव्हतं. आता तो प्रत्येक गेटाशी हॉर्न देतो, वर हाक मारतो. गुरुजी म्हणतात, जुनी परवडली.

आज फोन झाल्यावर तो वायर गुंडाळून द्वारकाबाईकडं गेला. ती अंगणात ज्वारी पाखडत होती.

"केला हुतास का परत?"

"व्हय."

"काय म्हनली?"

"हसली."

"हसली?" सूप थांबलं. "कसं?"

"खोखो. मग ठिवला."

द्वारकाबाईनं सुपातला एक खडा उचलून लांब फेकला. "तिचं बी बरोबर हाय. मी तिच्या जागी असते तर मला तरी खरं वाटलं असतं का?"

"पुन्याला घेऊन जाऊ का तुला, काकू? समक्ष सांगू."

"ह्या खेळण्यात? चार्जिंग संपलं की रस्त्यात बसून काय करू, फुगडी?" मग सूप परत हलवत, खालीच बघत, "ते लुगडं हातात आलं तव्हाच हसायला पायजे हुतं, फकिरा. दोघी मिळून लई हसलो असतो. हसायजोगतंच हुतं ते."

"मी गेट वाजवायला पायजे हुतं."

"व्हय, पायजे हुतं," ती म्हणाली. तिनं त्याला माफबिफ काही केलं नाही. "आन् मी हाक मारू नको म्हनायला नको हुतं. जा आता. तिकडं तुझी मानसं खोळंबली असतील."

पारापाशी जाहेदाभाभी मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन उभी होती, शेजारी मोईन जांभया देत.

"किती देर लगाई भाई, भाजी सुकली की."

फकिरानं पाटी उचलून पायापाशी नीट लावली, मोईनला आत सरकायला सांगितलं आणि गाडी जालना रोडला घातली.