डॉक्टरांचे कान

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे डॉक्टर म्हणत. शटर नुसतं ऐकून आतलं दुखणं सांगतात, अशी त्यांची ख्याती. खरं तर डॉक्टर एका कानाने ठार बहिरे आणि दुसऱ्यानेही यथातथाच. कान होते बायकोचे. हे बाहेरच्या खोलीत शटर दाबायचे आणि ती स्वयंपाकघरातून, हातातलं काम न सोडता, निकाल द्यायची. "दमलंय" म्हणाली की कॅमेरा पुन्हा उघडायचा. "जाऊ दे" म्हणाली की पट्ट्याला हिरवा दोरा बांधून काम फत्ते. गिऱ्हाईक डॉक्टरांचं तोंड भरून कौतुक करायचं, हे खुशाल ऐकून घ्यायचे आणि आत ती खुदुखुदु हसायची.

ती जाऊन तीन वर्षं झाली. डोळे अधू झाले, असं लोकांना सांगून डॉक्टरांनी काम बंद केलं. घर इतकं गप्प झालं, की उरलासुरला कानही गेला की काय, असं त्यांना वाटे.

अशात त्यांच्या आवडीचा जुना फिल्मचा कॅमेरा नव्याने काढणाऱ्या कंपनीची इंजिनीअर नमुना घेऊन दारात हजर.

"वजन कमी करू, प्रकाश मोजणारं मीटर बसवू, काय हवं ते सांगा, असं फोटोग्राफरांना विचारलं," ती म्हणाली. "सगळ्यांचा एकच धोशा, आवाज तोच हवा. आणि तो ओळखावा तुम्हीच, म्हणतात. तुम्ही हो म्हणालात, तर कारखाना सुरू. नाहीतर शटर पुन्हा करायचं."

डॉक्टरांनी वेग एका सेकंदावर लावून शटर दाबलं. मान आपसूक स्वयंपाकघराकडे वळली. पुन्हा दाबलं. सात वेळा दाबलं. हो म्हणून टाकणं सोपं होतं. जन्मभर दुसरं काय केलं होतं?

"मला नाही कळत, पोरी," ते म्हणाले. "कधीच कळत नव्हतं. कान माझ्या बायकोचे होते. मी मिरवलो आणि तिचं नाव कुणापाशी घेतलं नाही."

मुलगी जवळ सरकून म्हणाली, "जाऊ दे, काका."

डॉक्टरांचा हात सवयीने खणात गेला. पट्ट्याला हिरव्या दोऱ्याची गाठ बसली, तेव्हा कुठे ते भानावर आले.

"म्हणजे तोच आवाज आहे?" मुलीने आशेने विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली आणि गाठ सोडायला घेतली. पण तीन वर्षांनी त्या घरात कुणीतरी ते दोन शब्द बोललं होतं, आणि काही केल्या बोटं ऐकेनात.