मान हलवू नको

माणसाकडे ढुंकूनही न पाहता माणसाचं चित्र काढता येतं, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा नवरा निघाला. आमचे भाऊजी. एका सरकारी कचेरीत त्यांनी उभी हयात नकाशे काढण्यात घालवली. धरणाच्या भिंती, कालवे, पुलांचे खांब. त्यांच्या कागदावर माणूस उमटलाच तर पुलाची उंची कळावी म्हणून बाजूला उभा केलेला, काडीसारखा, आणि त्यालाही तोंड नसायचं. घरात साधारण तोच प्रकार होता. ताई पुढ्यात ताट ठेवायची, ते ताटाकडे पाहून जेवायचे आणि मीठ कमी आहे हे वरणाला सांगायचे. एकदा ताईनं कंबरेपर्यंतचे केस कापून खांद्यावर आणले. बऱ्याच दिवसांनी भाऊजी म्हणाले, घरात काहीतरी बदललं वाटते, आणि पडदे निरखत बसले. ताई ही गोष्ट हसत हसत सांगायची. मला मात्र ती कधी हसण्यासारखी वाटली नाही.

रिटायर झाल्यावर माणसं देवधर्म करतात, सकाळी फिरायला जातात, सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. भाऊजींनी माणसांची चित्रं काढायला शिकायचं ठरवलं. आजवर निर्जीव काढलं, आता सजीव काढून पाहतो, असं ते म्हणाले, जसं काही धरणाला हातपाय फुटणार होते. नागपूरच्या लकडगंजात एका लाकडाच्या वखारीवर एक तरुण मुलगी चित्रकलेचा क्लास घ्यायची. तिथे सगळी कॉलेजची पोरं-पोरी आणि त्यांच्यात पांढऱ्या मिशांचे भाऊजी, खिशाला तीन पेन्सिली लावून. पहिल्याच आठवड्यात त्यांना हात लांब करून, पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटून माप घ्यायला शिकवलं. झालं. त्या दिवसापासून हा माणूस कुठेही उभा राहिला की हात लांब आणि डोळा बंद. भाजीबाजारात मेथीवालीवर त्यांनी असाच डोळा मिटला. तिनं तराजूतलं वजन उचललं आणि घरी बायको नाही का म्हणून भर बाजारात विचारलं. भाऊजींनी शांतपणे सांगितलं की डोक्याच्या मापात तिचं धड जरा आखूड भरते. ताईनं मध्ये पडून चार जुड्या जास्तीच्या घेतल्या म्हणून ते वाचले.

पर्स्पेक्टिव्ह शिकल्यावर तर विचारूच नका. माझ्या लेकीच्या लग्नात स्टेजवर फोटोसाठी सगळे उभे राहिले, तर ह्यांनी माझ्या व्याह्यांना खांद्याला धरून मागे सारलं. जवळची वस्तू मोठी दिसते, तुमचं डोकं नवरदेवाच्या दुप्पट येईल, असं कारण दिलं. वर नजरेची रेषा कुठून जाते हे दाखवायला नवरीच्या कपाळापासून केटररच्या पोटापर्यंत हवेत बोट ओढलं. व्याह्यांनी ते अजून मनातून काढलेलं नाही. कुणाच्या तेरवीला गेले तरी हार घातलेल्या फोटोपुढे हात जोडायच्या आधी फ्लॅशमुळे नाकाची छाया मेली असं पुटपुटायचे, आणि शेजारच्याला वाटायचं, भाऊजी शोक करत आहेत.

पण त्यांचा खरा आजार वेगळाच होता. कचेरीतल्या नकाशांचा एक नियम असतो. ऊन नेहमी डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशात येतं, आणि छाया उजवीकडे पडते. खरा सूर्य कुठे का असेना, नकाशातला सूर्य जागा सोडत नाही. भाऊजींनी तो नियम माणसांनाही लावला. क्लासमध्ये प्लास्टरचं डोकं ठेवलेलं असायचं, खिडकी काढणाऱ्याच्या उजव्या हाताला, पोरं उजवीकडचा गाल उजळ ठेवून चित्र काढायची आणि भाऊजी त्याच गालावर काळोख पसरवायचे. शिकवणारी मुलगी म्हणायची, काका, खिडकी उजवीकडे आहे. भाऊजी म्हणायचे, मॅडम, ड्रॉइंगमध्ये ऊन डावीकडूनच येते. हे कितीतरी महिने चाललं. शेवटी त्या पोरीनं त्यांची पेन्सिल काढून घेतली आणि त्यांना नुसतं त्या डोक्यासमोर बसवून ठेवलं. सायंकाळपर्यंत काही काढायचं नाही, फक्त पाहायचं. त्या दिवशी घरी आले ते चप्पल न काढता थेट स्वयंपाकघरात शिरले आणि ओट्याशी उभ्या असलेल्या ताईला म्हणाले, "खिडकी उजवीकडे आहे." ताईला वाटलं ऊन लागलं. तिनं लिंबूसरबत केलं.

त्याच सुमारास ताई धडकायला लागली. दाराच्या चौकटीला, फ्रिजच्या कोपऱ्याला, टेबलाला. चहा कपाच्या शेजारी ओतायची. भाऊजी खोलीतून ओरडायचे, बघून चालत जा. ज्या माणसाला परक्या बाईचं धड दोन बोटं आखूड दिसतं, त्याला आपली बायको दिवसाढवळ्या भिंतीला धडकते हे दिसू नये? मीच तिला धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. भाऊजी सोबत आले, उपकार केल्यासारखे. काचबिंदू निघाला, तोही फार पुढे गेलेला. बाजूचं सगळं गेलं होतं, फक्त समोरचा एक गोल उरला होता. गेलेलं परत येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकेल तेवढं टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि भाऊजींना विचारलं, तुमच्या कधी लक्षात नाही आलं? भाऊजी भिंतीवरचं डोळ्याचं चित्र पाहत होते. म्हणाले, शेडिंग चांगलं केलं आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई माझा हात दाबून होती म्हणून मी गप्प बसले.

परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, ताई, दिसतंय तोवर काय पाहायचं ते सांग. काशी म्हण, समुद्र म्हण, मी नेते. कुहीला माहेरच्या शेतावर जायचं असेल तर उद्याच निघू. तिनं डॉक्टरांची चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "मले त्याईच्या हातचं माहं चित्र पाह्यचं हाय." भाऊजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांनी मागे न वळता ठीक आहे म्हटलं, जसं कुणी त्यांना नळ दुरुस्त करायला सांगितलं होतं. समुद्र सोडून हे काय मागितलं बाईनं, म्हणून मी घरी येऊन एकटीच चरफडत बसले.

आणि मग मे महिन्यात ते सुरू झालं. नागपूरचा मे. रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, असा. त्यात भाऊजींनी कूलर बंद करायला लावला, कारण कूलरच्या ओलीनं कागद नरम पडतो. ताईला खिडकीजवळ खुर्चीवर बसवलं, फरशीवर खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा केल्या आणि समोर बसून हात लांब केला, डोळा मिटला. मान हलवू नको. घाम पुसू नको, पुसला की चकाकी बदलते. बोलू नको, ओठ हलतात. माझी बहीण त्या भट्टीत मूर्तीसारखी बसायची, ब्लाउज भिजून पाठीला चिकटलेला. मी गेले की आधी कूलर लावायची, मग भांडायची. भाऊजी हाताला लागेल तो कागद छातीशी धरून उठायचे, आधी कूलर बंद करा, मग बोला.

बरं, एवढं करून चित्र व्हावं ना? ते होईना. दिवसभर काढायचं आणि संध्याकाळी खोडायचं. कपाळ ठीक जमायचं, डोळे यायचे, नाकाशी येऊन गाडी अडायची. मी त्यांना हात जोडून सांगितलं, भाऊजी, तिचे डोळे तुमच्यासाठी थांबणार नाहीत. नाक वाकडं आलं तर येऊ द्या, पण तिला दिसतंय तोवर पुरं करून दाखवा. ते खरंच हैराण झाले होते. म्हणाले, "काल नाकाची छाया ओठाच्या कोपऱ्यापर्यंत होती, आज गालावर चढली. मी काय करू? सूर्यच हलून राहिला." आणि पुन्हा रबर. तो जाड कागद घासून घासून इतका विरला की उजेडात धरला तर आरपार बोटं दिसायची. मी त्या काळात त्यांना मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. आयुष्यभर बायकोकडे पाहिलं नाही, आता पाहायला बसले तर तिचं नाक पसंत पडेना, हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

पावसाळा सुरू झाल्यावर एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले, तर बैठक चालूच होती. मी आवाज न करता बाजूच्या दिवाणावर बसले. थोड्या वेळानं भाऊजी पाणी प्यायला आत गेले. ताईनं त्यांच्या पावलांचा आवाज दूर गेल्याची खात्री केली, मग दोन्ही हातांनी खुर्ची उचलल्यासारखी करून खिडकीकडे जराशी सरकवली, पायानं खडूच्या जुन्या खुणा पुसल्या आणि मान बोटभर फिरवून पुन्हा मूर्ती झाली. मी दिवाणावर आहे हे तिला माहीत नव्हतं. बाजूचं तिला दिसतच नव्हतं ना. भाऊजी आले, फरशीकडे न पाहताच बसले, डोळा मिटला, आणि थोड्याच वेळात रबर शोधू लागले.

स्वयंपाकघरात तिला गाठून मी विचारलं, हे काय चालवलंस? चित्र पाहायचं होतं ना तुला? ती आधी उडवाउडवी करू लागली. मग ओट्याला टेकून हळू आवाजात म्हणाली, "चित्र झालं का ते उठून जातीन वं. मंग माह्याकडे कोण पाह्यते? लग्न झाल्यापासून त्याईनं मले एवढं कधी पाह्यलं नाही. अन् समोर बसतात तं मलेबी ते दिसतात. तेवढंच तं दिसते आता मले."

मला दोघांचाही राग आला. त्यांचा तर होताच, पण तिचाही आला, इतका की कप जोरात आदळला. एक गोल उरला होता दृष्टीचा, त्यात मावेल ते जग सोडून ही बाई त्यात तो मिशीवाला नवरा भरून बसली होती, आणि चित्रही स्वतःच्याच हातानं रोज लांबवत होती. जाऊन सांगावं त्यांना, असं सारखं मनात येई. सूर्य नाही हो हलत, तुमची बायको हलते. पण प्रत्येक वेळी जीभ चावली आणि मुकाट्यानं कूलरमध्ये पाणी भरलं.

स्वेटर निघाले तोवर तो गोल मिटला. एकदम नाही, बटन बंद केल्यासारखा नाही. आधी भाऊजींचा चष्मा दिसेनासा झाला, मग मिशी, मग खिडकी आहे की नाही तेवढंच कळायचं, मग तेही नाही. चित्र अर्धंच होतं. मला वाटलं आता भाऊजी कागद गुंडाळतील आणि पुन्हा वरणाशी बोलायला लागतील. मनातून मी त्याची वाटच पाहत होते म्हणा ना, म्हणजे त्यांना तोंडावर सगळं सुनावता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची लावली, तिला हाताला धरून आणलं आणि बसवलं. हा हात धरण्याचा प्रकारही त्या घरात नवीनच होता. धरायचं कुठे हे त्यांना कळत नव्हतं, मनगट धरलं होतं, डॉक्टर नाडी पाहतात तसं.

परवा गेले तेव्हा थंडीचं कोवळं ऊन खिडकीतून येत होतं. ताई खुर्चीत, भाऊजी समोर, घरात एकदम शांत. आता खुर्ची सरकवायला तिला जमत नव्हतं, छाया रोज जागच्या जागी होती, म्हणजे चित्र सरळ पुरं व्हायला हरकत नव्हती. पण पेन्सिलीचा आवाज येत नव्हता. ताईच्या ते लक्षात आलं असावं. मी जवळ बसल्यावर तिनं चाचपडत माझा गुडघा शोधला आणि कानाशी येऊन विचारलं, "पाहून राहिले का वं माह्याकडे?"

मी खोटं बोलायच्या तयारीनंच मान वर केली. भाऊजींचा हात लांब नव्हता. पेन्सिल मांडीवर पडली होती. दोन्ही डोळे उघडे होते, आणि ते तिच्याकडे पाहत होते. काही मोजत नव्हते. मी म्हटलं, हो ताई, पाहून राहिले. ती हसली. म्हणाली, तू माह्यासाठी नेहमीच खोटं बोलत आली. मी आईची शपथ घेतली, तरी तिचं आपलं तेच, राहू दे, राहू दे. दोन हातांवर बसलेल्या माणसाला हे सगळं ऐकू जात होतं. मी त्यांना खूण केली, डोळे वटारले, एक शब्द बोला म्हणून हात जोडले. ज्या माणसाला शब्द म्हणजे मीठ कमी, कूलर बंद आणि मान हलवू नको एवढेच येतात, त्याच्याकडून मी अपेक्षा तरी काय करावी? मी उठायला लागले.

तेवढ्यात भाऊजी पुढे वाकले.

"तुझ्या उजव्या भुवईत एक खूण आहे," ते म्हणाले. "बारीक, आडवी. ही केव्हा लागली?"

ताईचा हात माझ्या गुडघ्यावरून सुटला आणि भुवईपाशी गेला.

"लग्नाच्या आधीचीच हाय जी," ती म्हणाली.

मग तिनं सांगायला सुरुवात केली. कुहीचं घर, विहिरीचा रहाट, सुटलेला दोर, आईनं लावलेली हळद. भाऊजी ऐकत होते. मी चहा ठेवायला आत गेले आणि दूध उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले, कारण बाहेर ती अजून सांगतच होती.