भावाचं नाव लावणारा नऊ नंबर

गोल झाला की बाकीचे खेळाडू हात पसरून त्याच्याकडे धावत, आणि तो एक पाऊल बाजूला सरकायचा; मागून येणाऱ्या कुणाला वाट करून द्यावी तसा. मैदानभर "माउरो! माउरो!" असा गजर चाललेला असे, आणि ज्याच्या नावाचा गजर, तो मान खाली घालून उभा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो विनय वाटला.

मी तेव्हा जर्मनीत, येना शहरात पीएचडी करत होतो. तो तिथल्या एका क्लबात स्ट्रायकर म्हणून ब्राझीलहून आला होता. ओळख झाली जर्मनच्या वर्गात. दोघंही सारखेच मठ्ठ, म्हणून शेवटच्या बाकावर. पुढे तो माझ्याच इमारतीत राहायला आला. जर्सीवरून मी त्याला 'नऊ नंबर' म्हणायचो. "गेनाऊ! अगदी बरोबर! नंबर बरा. तो कुणाचाही असतो," म्हणायचा. वर्गात मात्र नाव आणि वय विचारलं की अडखळायचा. "बावीस," असं पुटपुटायचा, आणि त्याच्या कानशिलावरचे पांढरे केस पाहून बाई हसून पुढे सरकत.

त्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती. रविवारी दुपारी नऊ नंबर आमच्याकडे जेवायला असे. आमटीचे भुरके मारायचा, तिला 'आयी' म्हणायचा. एकदा जेवताना त्याच्या घरून फोन आला. आम्हालाही ऐकू यावं म्हणून त्याने स्पीकर लावून फोन ताटाशेजारी ठेवला. पलीकडून त्याच्या आईने "माउरो?" म्हटलं, आणि याने उत्तर दिलं ते कोवळ्या, पोरगेल्या आवाजात. समोर एवढा दांडगा माणूस बसलेला, आणि त्याच्या तोंडून एखादं पोर खिदळत होतं. माझ्या आईच्या हातातला डाव तसाच राहिला. तो गेल्यावर तिने हळूच विचारलं, "अरे, मघाशी बोलला तो कोण होता?"

"लाडात येऊन बोलत असेल गं."

"लाडात आला म्हणून माणसाचं हसू बदलत नाही," ती म्हणाली.

आई परत गेली, थंडी पडायला लागली. एका संध्याकाळी आम्ही 'झाले' नावाच्या तिथल्या नदीच्या काठाने घरी येत होतो. धुकं एवढं की पाण्याचा नुसता आवाज. नऊ नंबर एकदम म्हणाला, "मी उजव्या पायाचा आहे. सरावात बघ. सामन्यात मात्र सगळे गोल डाव्याने होतात. माउरो डावरा होता."

"होता म्हणजे?"

माउरो त्याचा धाकटा भाऊ. गावच्या नदीत बुडाला. परदेशी क्लबांना कोवळे खेळाडू हवे असतात, आणि याची तर सत्ताविशी उलटलेली. एजंटने मार्ग काढला: पुरायचं थोरल्याच्या नावाने, खेळायचं धाकट्याच्या. कागदोपत्री हाच मेला. आईही कबूल झाली, आणि सवय व्हावी म्हणून याला माउरो म्हणू लागली. "आधी चुकायची," तो म्हणाला, "मग चुकेनाशी झाली. मला वाटायचं, मी त्याचं नाव चोरलं. आता वाटतं, त्याने माझे पाय घेतले."

आमच्या मागे ओल्या पानांवर पावलं वाजत होती. मी वळून पाहिलं नाही. त्यानेही नाही.

पुढच्याच सामन्यात त्याला पेनल्टी मिळाली. त्याने ठरवून उजवा पाय घातला आणि चेंडू पार बाहेर घालवला. लोक शिव्या देत होते. तो मात्र हसत होता. "हा माझा होता," बाहेर आल्यावर मला म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने क्लबला आपणहून सगळं सांगितलं. करार मोडला, बंदी आली, आणि बर्फ पडायच्या आत तो घरी परतला.

बऱ्याच महिन्यांनी त्याचा फोन आला. बंदी उठल्यावर गावाजवळच्या लहानशा क्लबात खेळत होता, स्वतःच्या नावाने. गोल फारसे होत नव्हते. "मग आता सुटलास," मी म्हटलं.

"नाइन," तो जर्मनमध्ये 'नाही' म्हणाला. थडग्यावरचं स्वतःचं नाव काढून माउरोचं कोरायला तो पाथरवटाला घेऊन गेला होता. त्याची आई दगडाला पाठ लावून बसली. म्हणाली, "इथे त्याचं नाव कोरलंस, तर मग मी घरात हाक कुणाला मारू?"

पाथरवट हत्यारं आवरून निघून गेला. ती दोघं उशिरापर्यंत तिथेच बसून होती. मग तिने जेवायला चल म्हणून धाकट्याच्या नावाने हाक मारली, आणि तो उठला.