गुणाकरबाबूंची सही

बालाघाटच्या पलीकडे एका खाजगी मालकाची मँगनीजची खाण होती. भरवेलीच्या अवाढव्य खाणीपुढे ती म्हणजे लेकरूच, पण ऐट काही कमी नव्हती. छप्पन साली गुणाकरबाबू तिथे कारकून म्हणून लागले. वडील सरकारी नोकरीत, काका सरकारी नोकरीत आणि हे दिवटे खाणीत, म्हणून घरच्यांनी वर्षभर तोंडं वाकडी केली. बाबूंना एक खोड होती. लिहून ठेवलेली गोष्ट हवी तेव्हा सापडलीच पाहिजे, नाहीतर लिहायची कशाला, असा त्यांचा हट्ट असे.

ऑफिसातल्या जाडजूड वह्यांत मात्र काही म्हणता काही सापडत नसे. मॅनेजरनं विचारावं, पावसाळ्यात गारगोटी मिसळलेला माल कुठून येतो, आणि चार माणसांनी चार दिवस पानं उलटावीत. बाबूंनी मग आपलीच युक्ती काढली. जुन्या पुठ्ठ्यांची पोस्टकार्डाएवढी कार्डं कापली, मालाच्या दर नोंदीला एक, आणि सगळ्यांच्या कडेनं सारखी भोकं पाडली. एक भोक पावसाळ्याचं, एक गारगोटीचं, काही टोळ्यांची, काही वर्षांची. कार्डाला जी गोष्ट लागू, तिचं भोक कात्रीनं कडेपर्यंत उघडायचं. मग गठ्ठ्याच्या त्या भोकातून सायकलच्या चाकाची तार घालून उचललं, की लागू असलेली कार्डं टपटप खाली पडत. मॅनेजरचा चहा संपायच्या आत उत्तर तयार. कात्री अर्थात बायकोची, कालिंदीबाईंची. तिची धार गेली ती गेलीच.

आता या खाणीची एक रीत सांगितली पाहिजे. खोदायच्या जागेला तिथे नंबर नव्हता, मुकादमाचं नाव होतं. महागू मुकादमाची टोळी जिथे खोदेल ती 'महागूची खदान'. टोळी हलली की नावही तिच्यामागे चालायला लागे. अकरा वर्षांत महागूच्या टोळीनं तीन जागा खोदल्या. नाल्याकाठच्या पहिल्या दोन जागांत नुसती गारगोटी, आणि तिसरीत, टेकडीखालच्या जागेत, खाणीतला सगळ्यात चांगला माल. नाव एकच. बाबूंच्या कार्डांवर वर्षाचं भोक होतं, म्हणून घोळ होत नसे. महागू कधीमधी ऑफिसाच्या पायरीशी बसून ती गंमत बघे आणि हसे.

"बाबू, मायी बायको जेवढं वळखत नाही मले, तेवढं तुमची तार वळखते."

सदुसष्ट साली मालकानं कलकत्त्याला हिशेब करणारं मशीन घेतलं. फार मोठ्या कंपनीचं. नाव ऐकूनच माणसानं उठून उभं राहावं असं. खाणीतून छापील फॉर्म भरून पाठवायचे आणि तिकडून मशीननं काढलेला कागद यायचा. फॉर्म भरायला शिकवण्यासाठी कंपनीचा एक तरुण आला. मुलगा गुणी होता, उगाच का खोटं बोला. ज्या दिवशी तो आला, त्याच सकाळी मॅनेजरनं फॉर्मांना जागा हवी म्हणून बाबूंचं कार्डांचं कपाट व्हरांड्यात काढायला लावलं. अकरा वर्षांची मेहनत चपला ठेवायच्या जागेशेजारी जाऊन उभी राहिली, आणि बाबूंना कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

त्या मुलानं जुन्या वह्यांवरून जागांची यादी केली. एक नाव, एक नंबर. 'महागूची खदान' सात नंबर. यादी बाबूंपुढे ठेवून तो अदबीनं म्हणाला, "एकदा नजर घाला. तुमच्याइतकं इथलं कोणाला माहीत?"

बाबूंनी नजर घातली. सातव्या ओळीवर ती थांबली. तीन जागा एकाच नंबरात कोंबल्या होत्या. बोट ठेवून दाखवायला अर्धं मिनिट लागलं नसतं. बाबूंनी खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली.

जेवायला घरी आले तेव्हा ते खुशीत होते. "बघ आता मजा," ते कालिंदीबाईंना म्हणाले. "मशीन असं तोंडावर आपटेल, की मॅनेजर स्वतः माझं कपाट आत आणील."

"आणि कोणाचं नुकसान झालं तर?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"कागदाचं होईल. दुसरं काय!"

अकरा वर्षांच्या जुन्या नोंदी त्या नंबरांखाली फॉर्मांत भरून गेल्या आणि चार महिन्यांनी कागद आला. सात नंबरचा माल खाणीत सगळ्यात वाईट. सोबत मालकाचा हुकूम होता: सात नंबर बंद, टोळी कामावरून कमी. मशीन आपटलं नाही. सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला, एवढंच झालं. बत्तीस माणसं, त्यांत निम्म्या बाया.

बाबू कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून मॅनेजरच्या खोलीत धावले. टेबलावरच तार घातली. टेकडीखालच्या जागेची कार्डं खाली पडली, एकावरही गारगोटी नाही. मॅनेजरनं सगळं नीट पाहिलं.

"लेकिन लिस्ट पर तो आपके दस्तखत हैं, गुणाकरबाबू."

इथे खरं बोलायला हवं होतं. 'मला दिसलं होतं, मी रागानं गप्प बसलो.' एवढंच. पण बाबूंची जीभ वळली नाही. ते म्हणाले, "नजरचूक झाली, साहेब."

"ग्यारह साल में आपकी नजर एक बार नहीं चूकी." मॅनेजरनं कार्डं गोळा करून परत दिली. "सीधे कहिए ना, मशीन से जलन है. आप यह हिसाब अब बना लाए हैं. मैं मालिक को क्या लिखूँ?"

खोटं बोलले म्हणून खरं बुडालं. बाबू तसेच बाहेर आले. पुन्हा आत जाऊन सांगता आलं असतं. आठ दिवस ते रोज त्या दारापर्यंत गेले आणि रोज परत फिरले.

नवव्या दिवशी सकाळी महागू घरी आला. बायको आणि गाठोडी कुंपणाबाहेर उभी होती. कालिंदीबाईंनी चहा आणून ठेवला.

"जातो, बाबू. राजेगाववरून गोंदियाले जाऊन राह्यलो. तिकडं धानाच्या गिरणीत काम हाये म्हणते." त्यानं बाबूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि उलट तोच समजूत घालू लागला. "मनाले लावून घेऊ नोका. बाई सांगत होत्या, तुमी जेवत नाही म्हणून. तुमचा काय दोष? मशीनले मानूस काय समजते? तुमच्या हाती असतं, तं तुमी असं होऊ देलं असतं का?"

कालिंदीबाई दारातच थांबल्या होत्या.

"नाही," गुणाकरबाबू म्हणाले.

महागूनं मान डोलावली, चहा संपवला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.